विवाहाचा दाखला दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा यासाठी नेमकं काय करायचं आणि कोणत्या क्रमाने?

सायली_के (प्रश्न)

नमस्कार. एका देशात नोंदवलेलं लग्न दुसऱ्या देशात अधिकृतपणे मानलं जावं म्हणून दाखल्यावर काय काय करावं लागतं, ते एकदा नीट समजून घ्यायचं आहे. जोडीदाराचा व्हिसा, आडनावातला बदल, विमा, वारसाहक्क, सगळीकडे हाच कागद मागतात. माहिती मात्र उलटसुलट मिळते. एक एजंट सांगतो, अपोस्टिल (कागदावरची सही-शिक्का खरा असल्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) झालं की जगात कुठेही चालतं. दुसरा सांगतो, दूतावासाचा शिक्का हवाच. भाषांतर आधी की अपोस्टिल आधी, यावरही दोन मतं ऐकली.

माझ्या शंका अशा. अपोस्टिल कधी आणि दूतावासाचं साक्षांकन कधी? मूळ दाखला द्यायचा की नोटरी केलेली प्रत? भाषांतर कोणी आणि कोणत्या टप्प्यावर करायचं? आणि हे सगळं केलं म्हणजे लग्न तिथे मान्य झालं, की तिथे वेगळी नोंद करावी लागते?

एका देशापुरतं उत्तर नको. कुठल्याही दोन देशांच्या बाबतीत वापरता येईल अशी पद्धत कळली तर बरं होईल.

शिक्कामोर्तब

तुमच्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

परदेशातला अधिकारी तुमचा दाखला हातात घेतो तेव्हा त्याला तीन गोष्टी तपासायच्या असतात. हा कागद खरा आहे का? यात काय लिहिलंय ते मला वाचता येतंय का? आणि असं झालेलं लग्न आमच्या कायद्यात लग्न ठरतं का? अपोस्टिल किंवा दूतावासाचा शिक्का फक्त पहिली गोष्ट सांगतो. दुसरीसाठी भाषांतर लागतं. तिसरी कुठल्याच शिक्क्याने सिद्ध होत नाही, ती त्या देशाच्या कायद्यावर ठरते.

अपोस्टिल आलं ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातून. हा करार २४ जानेवारी १९६५ पासून लागू आहे. त्याआधी एकाच कागदावर साक्षांकनांची माळ लागायची, तिच्या जागी एकच प्रमाणपत्र आलं. त्याचा नमुना करारातच दिलेला आहे: चौरस आकार, बाजू किमान ९ सेंटीमीटर, मथळा फ्रेंचमध्ये आणि खाली १० क्रमांकित मुद्दे. देश, सही कोणाची, कोणत्या पदावरून केली, शिक्का कोणाचा, ठिकाण, तारीख, प्रमाणित कोणी केलं, क्रमांक, शिक्का, सही. या दहा मुद्द्यांत नवरा-बायकोचं नाव कुठेच येत नाही. दाखल्यावर सही करणारा अधिकारी खरा आहे, तो त्या पदावर होता आणि शिक्का त्याच्याच कार्यालयाचा आहे, एवढीच अपोस्टिलची ग्वाही. दाखल्यात तारीख किंवा नाव चुकलेलं असलं तरी अपोस्टिल मिळेल.

आता क्रम. बहुतेक लोक आपल्या हातातल्या कागदापासून सुरुवात करतात आणि तिथेच पैसे वाया जातात. सुरुवात शेवटच्या कार्यालयापासून करा. कागद ज्याच्या टेबलावर जाणार आहे त्याला लेखी विचारा (ईमेल चालेल, पण उत्तर जपून ठेवा): दाखल्याचा उतारा चालतो की नोंदवहीतल्या संपूर्ण नोंदीची प्रत हवी? प्रत किती जुनी चालते? अपोस्टिल लागतं का? भाषांतर कोणत्या भाषेत आणि कोणत्या प्रकारच्या भाषांतरकाराचं? मूळ कागद ठेवून घेता की परत देता?

अपोस्टिल लागतं का, हे मुद्दाम विचारायला सांगतोय. एकाच देशातल्या दोन खात्यांची उत्तरं वेगळी असू शकतात. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला अर्जासोबत विवाहाच्या दाखल्याची वाचता येईल अशी प्रत आणि प्रमाणित इंग्रजी भाषांतर पुरतं, अपोस्टिल ते मागत नाही. पण युरोपातल्या बऱ्याच नागरी नोंदणी कार्यालयांत बाहेरच्या देशाचा दाखला अपोस्टिलशिवाय पुढे सरकत नाही.

त्यानंतर दोन्ही देश करारात आहेत का ते पाहा. हा करार सांभाळणाऱ्या हेग परिषदेच्या संकेतस्थळावर सदस्य देशांचा तक्ता आहे, तोच बघा. जुने ब्लॉग आणि एजंटांची पत्रकं यावर विसंबू नका, कारण अलीकडे बरेच देश नव्याने आले: सौदी अरेबियात करार ७ डिसेंबर २०२२ ला लागू झाला, चीनमध्ये ७ नोव्हेंबर २०२३ ला आणि कॅनडात ११ जानेवारी २०२४ ला. या देशांसाठी अजूनही दूतावासाची साखळी सांगणारे लेख सापडतात.

तक्त्यात दोन्ही नावं दिसली तरी थांबू नका. करारातल्या १२ व्या कलमानुसार नव्याने येणाऱ्या देशाबद्दल जुना सदस्य हरकत नोंदवू शकतो, आणि हरकत असेपर्यंत त्या दोघांमध्ये करार लागूच होत नाही. भारतात करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे, पण जर्मनीने भारताबाबत हरकत घेतली. त्यामुळे भारतीय दाखल्यावरचं अपोस्टिल फ्रान्स-इटलीत चालतं आणि जर्मनीत चालत नाही. तिथलं कार्यालय जर्मन दूतावासामार्फत दाखल्याची पडताळणी करवून घेतं. हरकती तक्त्यात देशाच्या नावासमोर दिलेल्या असतात, आणि त्या मागेही घेतल्या जातात, म्हणून त्या दिवशीचा तक्ता पाहायचा.

दोघांपैकी एक देश करारात नसेल (संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत ही नेहमीची उदाहरणं) किंवा हरकत असेल, तर जुनी साखळी: दाखला देणाऱ्या देशातली स्थानिक पडताळणी, त्याच देशाचं परराष्ट्र मंत्रालय, मग जिथे कागद न्यायचा त्या देशाचा दूतावास, आणि बऱ्याच ठिकाणी शेवटी त्या देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. प्रत्येक टप्पा फक्त आधीच्या टप्प्यावरची सही ओळखतो. म्हणून मधला एक जरी वगळला तर पुढचा कागद परत करतो. शेवटचा शिक्का मुक्कामाच्या देशात पोचल्यावर घ्यायचा असतो, तो राहून जाण्याचं प्रमाण खूप आहे.

कागदोपत्री

वरचं उत्तर उत्तम आहे. अपोस्टिल मिळवतानाच्या अडचणी मी लिहिते.

अपोस्टिल नेहमी दाखला देणाऱ्या देशाचं. राहत्या देशाचं नाही, नागरिकत्वाच्या देशाचं नाही. परदेशातला आपला दूतावासही अपोस्टिल देत नाही. लग्न ज्या देशात नोंदवलं तिथूनच ते घ्यावं लागतं, स्वतः जाऊन, टपालाने किंवा अधिकारपत्र देऊन दुसऱ्यामार्फत.

संघराज्यांत आणखी एक पायरी खाली उतरा. अमेरिकेत विवाहाच्या दाखल्याचं अपोस्टिल ज्या राज्यात लग्न नोंदवलं त्या राज्याचं सरकार देतं, वॉशिंग्टनमधलं परराष्ट्र खातं फक्त केंद्र सरकारच्या कागदांना देतं. न्यूयॉर्क शहरात तर साध्या दाखल्यावर काम होत नाही. परदेशासाठी शहर लिपिकाकडून विस्तारित दाखला घ्यायचा, त्यावरची सही काउंटी लिपिकाकडून प्रमाणित करायची आणि मग राज्याच्या खात्याकडे जायचं. भारतातही आधी राज्य पातळीवरची पडताळणी आणि मग परराष्ट्र मंत्रालय असा दोन टप्प्यांचा रस्ता आहे. ब्रिटनमध्ये परराष्ट्र खात्याचं एकच कार्यालय हे काम करतं, पण तिथे इतर कागदांना मिळणारं ई-अपोस्टिल विवाहाच्या दाखल्याला मिळत नाही, कागदीच घ्यावं लागतं.

दाखला जुना असेल तर सहीची अडचण येते. अपोस्टिल देणारं कार्यालय दाखल्यावरची सही आपल्याकडच्या नमुना सह्यांशी ताडून पाहतं. वीस वर्षांपूर्वीच्या निबंधकाची सही त्या संग्रहात नसली की दाखला खरा असूनही परत येतो. उपाय सोपा आहे. नोंदणी कार्यालयातून त्याच नोंदीची ताजी प्रमाणित प्रत काढायची. तिच्यावर सध्याच्या अधिकाऱ्याची सही असते, आणि 'प्रत तीन किंवा सहा महिन्यांच्या आतली हवी' ही अनेक कार्यालयांची अटही त्यातच भागते. अपोस्टिलला स्वतःची मुदत करारात दिलेली नाही. मुदत मागितली जाते ती खालच्या दाखल्याची.

हातातला कागद नेमका कोणता आहे, तेही पाहा. लग्नाचा परवाना म्हणजे लग्न करण्याची परवानगी, लग्न झाल्याचा पुरावा नव्हे. समारंभात हातात देतात ते सुंदर नक्षीचं प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी नुसती आठवण असते. धर्मगुरूने दिलेला कागद, त्याला त्या देशाच्या कायद्याने नोंदणीचा अधिकार दिलेला नसेल तर, सार्वजनिक दस्तऐवज ठरत नाही आणि अपोस्टिल मिळत नाही. लागतो तो नोंदवहीवरून काढलेला, क्रमांक असलेला, सही-शिक्क्याचा दाखला.

दाखला लॅमिनेट करू नका. शिक्का उमटत नाही, कागद तपासता येत नाही, आणि बरीच कार्यालयं तो घेतच नाहीत. केलेला असेल तर प्लास्टिक सोलत बसू नका, नवी प्रत काढा.

अनिकेत_आर

मूळ दाखला टपालात हरवण्याची भीती असते. फोटोप्रत नोटरी करून त्यावर अपोस्टिल घेतलं तर? बऱ्याच देशांत असं अपोस्टिल रीतसर मिळतं, म्हणजे ते वैधच झालं ना?

शिक्कामोर्तब

अपोस्टिल वैध असतं, पण कशाचं ते बघा. दुसऱ्या मुद्द्यात 'सही कोणाची' इथे नोटरीचं नाव येतं, विवाह निबंधकाचं नाही. म्हणजे 'या नोटरीची सही खरी आहे' एवढंच परदेशी अधिकाऱ्याला कळतं. नोटरीने पाहिलेला मूळ दाखला खरा होता का, याबद्दल तो कागद गप्प आहे. बँक किंवा विमा कंपनी ते चालवून घेईल. नागरी नोंदणी कार्यालय आणि न्यायालय मात्र बहुधा निबंधकाच्या सहीवरचंच अपोस्टिल मागतात.

हरवण्याची भीती रास्त आहे, पण तिचा उपाय दुसरा. नोंदणी कार्यालयातून दोन-तीन प्रमाणित प्रती काढा आणि प्रत्येकीवर स्वतंत्र अपोस्टिल घ्या. बऱ्याच देशांत अशी प्रत मूळ दाखल्याइतकीच ग्राह्य असते, कारण खरं मूळ म्हणजे नोंदवहीतली नोंद, आणि ती कुठेच जात नाही.

दुभाषी_मेघना

भाषांतराबद्दल.

सर्वसाधारण नियम असा की आधी ताजी प्रत, मग अपोस्टिल, मग भाषांतर. अपोस्टिल हाही त्या कागदाचाच भाग झालेला असतो आणि अनेक कार्यालयं त्याचंही भाषांतर मागतात. दाखल्याचं भाषांतर आधी करून घेतलं तर अपोस्टिलपुरतं पुन्हा भाषांतरकाराकडे जावं लागतं, आणि शपथबद्ध भाषांतरकार सहसा सगळा कागद नव्याने करून देतो.

या क्रमाला अपवाद एकच. काही देश मूळ देशात झालेलं भाषांतर स्वीकारतात, पण त्यावर भाषांतरकाराची सही नोटरीसमोर झालेली असावी आणि त्या नोटरीच्या सहीवर अपोस्टिल असावं, अशी अट घालतात. तेव्हा दोन अपोस्टिल लागतात, एक दाखल्यावर आणि एक भाषांतरावर. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. भाषांतरावरचं अपोस्टिल दाखल्याच्या खरेपणाबद्दल काहीच सांगत नाही. दोन्ही कागद एकत्र टाचून एकाच अपोस्टिलवर भागवायला सांगणारे एजंट आहेत. त्यांचं ऐकू नका.

भाषांतर कोणाचं चालेल हे मुक्कामाचा देश ठरवतो. स्पेनमध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेले शपथबद्ध भाषांतरकार आहेत. फ्रान्समध्ये अपील न्यायालयांच्या यादीतले. जर्मनीत राज्यांच्या न्यायव्यवस्थेकडे शपथ घेतलेले. ब्रिटनमध्ये अशी शपथबद्ध व्यवस्था नाही. तिथे भाषांतरकाराने अचूकतेचं निवेदन, तारीख, नाव आणि संपर्क देऊन सही करायची. अमेरिकेच्या इमिग्रेशनच्या नियमात भाषांतर पूर्ण व अचूक असल्याचं आणि भाषांतरकार त्या भाषेत सक्षम असल्याचं लेखी प्रमाणपत्र लागतं. दोन्ही भाषा उत्तम येत असल्या तरी आपल्याच दाखल्याचं भाषांतर आपण किंवा जोडीदाराने करू नये.

भाषांतर संपूर्ण असावं लागतं. गोल शिक्क्यातला मजकूर, समासातली नोंद, मागची बाजू, 'येथे अवाचनीय शिक्का' असा शेरासुद्धा. समासातल्या नोंदी तर सर्वात महत्त्वाच्या, कारण कित्येक देशांत नंतरचा घटस्फोट किंवा नावातला बदल तिथेच लिहितात. तारीख ०४/०७ अशी असेल तर भाषांतरात महिना अक्षरांत लिहायला सांगा, कारण चार जुलै की सात एप्रिल हे देशागणिक बदलतं.

नावांचं काम सर्वात नाजूक. दाखला रोमन सोडून दुसऱ्या लिपीत असेल तर नावांचं रोमन रूप पासपोर्टवरच्याप्रमाणेच ठेवायला सांगा आणि भाषांतरकाराला पासपोर्टची प्रत आधीच द्या. मात्र लिप्यंतराची ठरावीक पद्धत पाळायचं बंधन त्याच्यावर असेल, जर्मनीत तसं असतं, तर तो पासपोर्टवरचं रूप टीप म्हणून देईल. दाखला आधीच रोमन लिपीत असेल आणि त्यातच स्पेलिंग चुकलं असेल, तर भाषांतरकार ते बदलू शकत नाही. बदललं तर ते भाषांतर खोटं ठरतं.

कागदोपत्री

नावाच्या त्या शेवटच्या मुद्द्याला जोडून: अशी चूक जिथे झाली त्या नोंदवहीतच दुरुस्त करावी लागते. दुरुस्तीचा अर्ज, पुरावे, नवा दाखला, आणि त्यावर नवं अपोस्टिल. 'या दोन नावांची व्यक्ती एकच आहे' असं प्रतिज्ञापत्र करून देण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. ते एखाद्या बँकेत चालून जातं, नागरी नोंदणीत त्यावर विसंबता येत नाही. प्रवासाची तारीख ठरण्याआधी दाखला, पासपोर्ट आणि जन्मदाखला शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा: नावांचा क्रम, मधलं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आईवडिलांची नावं. अपोस्टिल झाल्यावर चूक सापडली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

परिशिष्ट_ब

युरोपीय संघाचं वेगळं असतं, ते इथे अजून आलं नाही.

संघातल्या एका देशाने दिलेला विवाहाचा दाखला दुसऱ्या सदस्य देशात नेताना अपोस्टिल लागत नाही. २०१६ चा ११९१ क्रमांकाचा नियम, लागू १६ फेब्रुवारी २०१९ पासून. सोबत बहुभाषी नमुना जोडून मागता येतो, तो लावला की भाषांतर बहुधा टळतं. हा नमुना एकटा चालत नाही, दाखल्याला जोडूनच द्यायचा. संघाबाहेरच्या देशाने दिलेल्या दाखल्याला ही सवलत नाही, मग तो एका सदस्य देशात आधी स्वीकारला गेलेला असला तरी. आणि या नियमाने कागद खरा मानला जातो, लग्नाचे कायदेशीर परिणाम मान्य करायलाच हवेत असं तो म्हणत नाही.

दुसरी सोय जुनी आहे आणि कमी लोकांना ठाऊक असते. ८ सप्टेंबर १९७६ च्या व्हिएन्ना करारानुसार नागरी नोंदींचे बहुभाषी उतारे मिळतात. विवाहासाठी त्यातला ब नमुना. फ्रान्स, स्पेन, इटली, स्वित्झर्लंड, तुर्कस्तान वगैरे देश त्यात आहेत, आणि त्या देशांत आपसात या उताऱ्याला ना भाषांतर लागतं ना अपोस्टिल. लग्न तुर्कस्तानात नोंदवलं आणि कागद स्वित्झर्लंडमध्ये द्यायचा, तर हाच उतारा मागा.

आता तिसरी गोष्ट: लग्न तिथे लग्न ठरतं का. हे आधी पाहिलं तर शिक्क्यांवरचा पुष्कळ खर्च वाचेल, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

यासाठी जगभर चालेल असा करार जवळपास नाहीच. विवाहांना मान्यता देण्याबद्दल १९७८ चा एक वेगळा हेग करार आहे, पण त्यात ऑस्ट्रेलिया, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स एवढेच तीन देश आले. बाकी प्रत्येक देश आपापला कायदा लावतो. बहुतेक कायदे दोन प्रश्न वेगळे ठेवतात. विधी आणि नोंदणी रीतसर झाली का, हे जिथे लग्न झालं तिथल्या कायद्यावरून पाहतात. लग्न करण्याची पात्रता, म्हणजे वय, नातं, आधीचं लग्न संपलेलं असणं, हे मात्र प्रत्येकाच्या राष्ट्रीयत्वाच्या किंवा कायम वास्तव्याच्या देशाच्या कायद्यावरून. फ्रान्स-जर्मनी राष्ट्रीयत्व पाहतात, इंग्लंड कायम वास्तव्य पाहतं. त्यामुळे तिथे सगळं नियमात झालं होतं असं म्हणून भागत नाही.

या दोन्हींवर सार्वजनिक धोरणाची, म्हणजे त्या देशाच्या मूलभूत तत्त्वांची, चाळणी असते. स्वीडन २०१९ पासून परदेशी बालविवाहांना, दोघांचं मूळ कुठलंही असो, सामान्यतः मान्यता देत नाही. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात, दोघं एकमेकांसमोर हजर नसताना झालेलं लग्न त्यानंतर सहवास घडल्याशिवाय धरलं जात नाही. ऑनलाइन लग्नांबद्दल जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा २५ सप्टेंबर २०२४ चा निर्णय जरूर लक्षात ठेवा. जोडपं जर्मनीत बसून व्हिडिओवरून अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या अधिकाऱ्यासमोर संमती देत होतं. संमती जर्मनीत दिली म्हणून लग्न जर्मनीत झालं असं न्यायालयाने धरलं, आणि जर्मनीतल्या लग्नाचा विधी पाळलेला नसल्याने ते अवैध ठरलं. अशा दाखल्यावर अपोस्टिल मिळेल, मान्यता मिळणार नाही. समलिंगी विवाहाला निवासाच्या हक्कापुरतं संघातल्या सर्व देशांनी मानावं, असं युरोपीय न्यायालयाने ५ जून २०१८ ला कोमान खटल्यात ठरवलं, पण जगात बहुतेक ठिकाणी तो दाखला कितीही शिक्के मारले तरी लग्न म्हणून स्वीकारला जात नाही. अशांनी वकिलाचा लेखी सल्ला आधी घ्यावा.

आणखी एक ठेच. दोघांपैकी कोणाचा आधी घटस्फोट झाला असेल तर त्या निकालाची मान्यता ही पहिली पायरी. उदाहरणार्थ जर्मनीत संघाबाहेरच्या न्यायालयाने दिलेल्या घटस्फोटाला तिथल्या राज्याच्या न्याय प्रशासनाकडून वेगळी मान्यता घ्यावी लागते. दोघंही ज्या देशाचे नागरिक होते त्याच देशाच्या न्यायालयाने निकाल दिला असेल तर ती लागत नाही. ती मिळेपर्यंत तिथल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने पहिलं लग्न चालूच असतं, मग दुसऱ्याचा दाखला कितीही नीट असो. म्हणून घटस्फोटाच्या अंतिम आदेशावरही, अपिलाची मुदत संपल्याच्या शेऱ्यासह, अपोस्टिल आणि भाषांतर करून ठेवा.

सायली_के

फार मोलाची माहिती, सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. मुक्कामाच्या देशात वेगळी नोंद लागते का, ते देशागणिक कसं ओळखायचं? आणि लग्न परदेशातल्या आपल्या देशाच्या वकिलातीत लागलं असेल तर अपोस्टिल कोण देतं?

परिशिष्ट_ब

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: कोणीच देत नाही. राजनैतिक किंवा वकिलातीच्या अधिकाऱ्यांनी तयार केलेले कागद हेग कराराच्या पहिल्या कलमातच वगळलेले आहेत. अशा वेळी ती नोंद ज्या देशाची वकिलात आहे त्या देशातल्या नागरी नोंदवहीत गेली आहे ना ते पाहा, तिथून दाखल्याची प्रत काढा आणि तिच्यावर त्या देशाचं अपोस्टिल घ्या. फ्रेंच वकिलातींतल्या नोंदी नांत शहरातल्या केंद्रीय नोंदणी सेवेकडे असतात, प्रत तिथून मिळते. युरोपातल्या काही देशांत ७ जून १९६८ च्या करारामुळे वकिलातीच्या कागदांना आपसात साक्षांकनच लागत नाही. ते देश वेगळे तपासा. आणि यजमान देश वकिलातीतलं लग्न मानतो का, हा प्रश्न वेगळा. काही मानत नाहीत.

नोंदीबद्दल: पाहायचं ते हे की जोडीदारांपैकी कोणी त्या देशाचा नागरिक आहे का. परदेशात झालेलं आपल्या नागरिकाचं लग्न आपल्या नोंदवहीत यावं, असा कित्येक देशांचा आग्रह असतो. फ्रेंच नागरिकाचं परदेशातलं लग्न फ्रेंच नोंदवहीत उतरवल्याशिवाय फ्रान्समध्ये तिसऱ्या पक्षाविरुद्ध, म्हणजे पती-पत्नी सोडून इतरांसमोर, लागू होत नाही. शिवाय लग्नाआधी वकिलातीकडून विवाहक्षमतेचं प्रमाणपत्र घ्यायचं असतं, ते घेतलेलं नसेल तर ही नोंद लांबते. जपानी नागरिकाने तीन महिन्यांत कळवायचं असतं. फिलिपिन्सच्या नागरिकांना वकिलातीमार्फत लग्न कळवावं लागतं. इटलीत दाखला नगरपालिकेच्या नोंदवहीत उतरवून घेतात. जर्मनीत ही नोंद ऐच्छिक आहे, पण करून घ्यावी. पुढे मुलांच्या नोंदीला आणि आडनावाला जर्मन दाखला हाती असला की प्रत्येक वेळी परदेशी कागद तपासून घ्यावा लागत नाही. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात परदेशातलं लग्न नोंदवण्याची सोयच नाही. तिथे मूळ दाखला हाच कायमचा पुरावा, म्हणून त्या देशांत स्थायिक होणाऱ्यांनी जास्तीच्या प्रती सोबत नेल्या पाहिजेत.

दोघांपैकी कोणीच तिथला नागरिक नसेल तर नोंदवहीत नोंद बहुधा होत नाही. तिथे रहिवासी म्हणून नाव नोंदवताना, करखात्यात आणि इमिग्रेशनमध्ये वैवाहिक स्थिती लावून घ्यायची असते आणि त्याच वेळी दाखला दाखवायचा असतो. हे पहिल्याच भेटीत नीट लागलं पाहिजे. एकदा 'अविवाहित' अशी नोंद बसली की ती बदलायला नव्याने पुरावे द्यावे लागतात.

शिक्कामोर्तब

अपोस्टिल हातात आल्यावरची काळजी तेवढी लिहितो.

ते दाखल्याच्या मागे शिक्क्याच्या रूपात असतं किंवा वेगळ्या पानावर असून दाखल्याला टाचणी, फीत वा रिबिटने जोडलेलं असतं. स्कॅन करायला म्हणून ही जोडणी कधीही सोडू नका. पान सुटं झालं, टाचणीची भोकं दोन झाली, की छेडछाडीचा संशय येतो आणि कागद नाकारला जातो. पान दुमडून स्कॅन करा किंवा वरून फोटो काढा. फोटोप्रतींच्या दुकानातही हे आधी बजावून सांगा, तिथे सवयीने टाचण्या काढतात.

हाती आल्या आल्या दुसरा आणि तिसरा मुद्दा दाखल्याशी ताडून पाहा. सही करणाऱ्याचं नाव आणि पद चुकीचं टंकलेलं आढळतं, आणि ते काउंटरवरच दुरुस्त होतं. मग देणाऱ्या कार्यालयाच्या ई-नोंदवहीत क्रमांक आणि तारीख टाकून नोंद दिसते का ते बघा. परदेशी अधिकारी तेच करणार आहे. नोंद दिसत नसेल तर लगेच कळवा, कारण काही ठिकाणी ती उशिराने चढते.

ई-अपोस्टिल मिळालं असेल तर ती फाइल जशीच्या तशी पाठवायची. छापून दिली की तिच्यातली डिजिटल सही जाते आणि हातात नुसता कागद उरतो. समोरचं कार्यालय फाइल घेत नसेल तर कागदी अपोस्टिल मागून घ्या. कोणतं घेतील, हा प्रश्नही पहिल्या ईमेलमध्येच घाला.